चार डिसेंबर की दत्तजयंती?

माझी भाची ठकी गेल्या वर्षी 4 डिसेंबरला झाली. त्या दिवशी दत्तजयंती होती आणि वारही गुरुवार. इतकं सगळं जुळून आल्यावर ताईच्या सासूबाईंनी पाथर्डीकडच्या वस्तीवरून फोनवरच निकाल देऊन टाकला: पोरगी दत्ताची आहे, तिचा वाढदिवस दत्तजयंतीलाच करायचा. बाळंतिणीच्या खोलीत त्या वेळी वाद घालायला कोणाला सवड होती? सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता त्या माना अडचणीत आल्यात. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यामुळं दत्तजयंती थेट 23 डिसेंबरवर जाऊन बसली. तारखेनं शुक्रवार येतो, तिथीनं बुधवार. दाजींना रविवार हवा, कारण कामाच्या दिवशी पाहुणे जेमतेम जेवायला टेकतात आणि हात धुऊन पळतात. पण जवळचा रविवार म्हणजे 6 डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. दाजींच्या शाळेतले दोघं जिवाभावाचे सहकारी त्या दिवशी दादरला चैत्यभूमीवर असतात, आणि ठकी पोटात असताना ताईला दवाखान्यात नेण्या-आणण्याला गाडी त्यांचीच होती. त्यांना वगळून कसला वाढदिवस?

मग नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरी बैठक बसली. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवून सतरंजीवर मधोमध ठेवलं होतं. दाजींच्या चुलतभावानं मोबाईल काढून योजना मांडली. केडगावकडं एक लॉन्स. स्टेजवर फुग्यांची कमान. थीम जंगलाची, म्हणजे पुठ्ठ्याचे वाघ, जिराफ, आणि मधे ठकी. ताई, दाजी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा सगळ्यांना एका रंगाचे कपडे. लहान मुलांना रिटर्न गिफ्ट, मोठ्यांना ताटामागं ठरलेला दर. आणि चौकात एक फ्लेक्स. फ्लेक्सवर ठकीचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून ओळीनं मित्रमंडळ. आपल्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वाढदिवस असलेल्याचा फोटो एक असतो आणि शुभेच्छुकांचे पंचवीस. ज्याचं नाव राहिलं तो पुढं वर्षभर बोलत नाही. हा एक विषय मात्र ताईनं जागेवरच मोडून काढला.

या सगळ्यात आबा, ठकीचे आजोबा, भिंतीला टेकून गप्प बसले होते. त्यांना मी सहज विचारलं, तुमचा वाढदिवस कधी असतो हो? ते म्हणाले, “कागदावर एक जून.”

महाराष्ट्रात ज्याच्या घरी साठी-सत्तरीचं माणूस आहे त्याला यापुढचं सांगायला नको. 1 जूनला सकाळी मोबाईल उघडला की वाढदिवसांचा पूर येतो. पोर शाळेत घालायला आणलं की मास्तर म्हणायचे, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं असं मानायचं, मागं सहा वर्षं मोजायची आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून 1 जून लिहायचं. आबांची आई सांगायची की बाजरी सोंगायला आली होती तेव्हा हा झाला. म्हणजे आश्विनाच्या आसपास. पण मास्तरांच्या दौतीत आश्विन नव्हता. सासूबाईंचं त्याहून वेगळं. त्या बाहत्तरच्या दुष्काळापासून मागं मोजतात: “सुकडी वाटायचे तवा मी चांगली पळत होते, म्हंजी धरा चार-पाच वर्षांची.” त्यांना वाढदिवस असा कधी नव्हताच, फक्त अंदाजे वय होतं.

गंमत अशी की याच जिल्ह्यातल्या एका पाटलाच्या मुलीची जन्मतारीख मात्र सगळ्या राज्याला पाठ आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे माणकोजी शिंदे, त्यांची मुलगी अहिल्या, 31 मे 1725. त्या तारखेला चौंडीत गर्दी मावत नाही. तीनशेवं वर्ष भरत आलं तेव्हा, 2025 च्या मे महिन्यात, राज्याचं मंत्रिमंडळ बैठकीसाठी चौंडीत जाऊन बसलं होतं. जिल्ह्याला नाव तिचंच मिळालं, आम्ही बोलताना अजून नगर म्हणतो ते जिभेच्या सवयीनं. तर 31 मेला अहिल्यादेवींची जयंती आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेही 31 मेलाच, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस सरकारी नियमानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. बाजरीच्या दिवसांत जन्मलेल्या माणसाचा पगार मास्तरांच्या एका अंदाजानं काही महिने आधी बंद झाला. सांगताना आबा हसले.

वाढदिवस नसायचा म्हणून पहिल्या वर्षाचं मोल कळत नव्हतं असं कोणी समजू नये. उलट ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. 1971 मध्ये देशात जन्मलेल्या हजार बाळांमागं 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे आठातलं एक. आजीच्या पिढीतल्या कोणत्याही बाईला किती लेकरं असं विचारा. ती आधी जगलेली सांगते, मग थोडं थांबून गेलेली सांगते. पाठोपाठ दोन गेली की तिसऱ्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचं, म्हणजे सटवाईची दृष्ट पडू नये. इतक्या भीतीत जे पोर वाढतंय त्याच्यासाठी गाव गोळा करून, ‘बघा, वर्षाचं झालं’ असं मोठ्यानं कोण म्हणेल? त्यांनी वर्ष मोजलं ते हळूच: पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा, बाराव्या दिवशी बारसं, सहाव्या महिन्यात मामाच्या हातून उष्टावण, संक्रांतीला बोरन्हाण. एकेक टप्पा पार पडला की एकेक श्वास सोडायचा. 2020 च्या आकड्यांत देशातलं ते प्रमाण हजारी 28 वर आलं, महाराष्ट्रात 16 वर. लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, गावोगावच्या आशाताई आणि अंगणवाडीतला वजनकाटा यांनी मिळून हे केलं. फुग्यांची कमान बांधायचं धाडस त्यातून आलेलं आहे, आणि म्हणून मी कमानीला फार नाक मुरडत नाही.

आणखी एक गोष्ट बैठकीत कोणी बोललं नाही, पण माझ्या मनात होती. ठकी मुलगी आहे. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं मुली 852 होत्या. त्याच वर्षी साताऱ्यात जिल्हा परिषदेनं समारंभ करून ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना नवी नावं दिली. त्या मुलींचा पहिला वाढदिवस कसा झाला असेल ते विचारायची गरज नाही. म्हणून पहिल्याच मुलीसाठी लॉन्स बघणारा दाजींचा चुलतभाऊ मला कितीही उधळ्या वाटला तरी मी त्याला तोंडावर तसं म्हणालो नाही.

सासूबाईंना मात्र लॉन्सशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं खरा कार्यक्रम एकच, जावळ. ते मोहट्याच्या गडावर, रेणुकामातेच्या पुढ्यात. आणि ते मामाच्या मांडीवर, म्हणजे माझ्या. ठकी झाल्यापासून मला त्या घरात कोणी नावानं हाक मारत नाही. सासूबाईसुद्धा “मामा, जेवून घ्या” म्हणतात. हा मान खर्चाचा आहे. ताईला साडी, दाजींना कपडे, ठकीला फ्रॉक आणि चांदीचे वाळे. सराफ बाजारात मी वाळे बघून आलो. त्यांत घुंगरू घ्यायचे की नाही यावरही दोन मतं आहेत. पोर रांगत कुठं गेलं ते आवाजावरून कळतं म्हणून सासूबाईंना हवेत, आणि रात्री कूस बदलली की सगळं घर जागं होतं म्हणून ताईला नकोत.

ताईच्या नणंदेच्या मुलाचं जावळ मी पाहिलंय. करंजी घाट उतरून तिसगावमार्गे तीन गाड्या गडावर गेल्या होत्या. मामा पाटावर, मांडीवर पोर, समोर नाभिक. त्यानं आधी वाटीतलं कोमट पाणी टाळूवर चोळलं, अगदी हळू, कारण टाळू अजून भरलेली नव्हती. पहिली बट कापली ती आत्यानं पदरात झेलली. पोरानं पहिले दोन वस्तरे सहन केले आणि मग असा सूर लावला की पलीकडच्या दुसऱ्या जावळातलं पोरही त्याला साथ द्यायला लागलं. मामानं एका हातानं हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातात बिस्कीट, आणि डोळे मिटलेले. केस उतरल्यावर गोटा झालेल्या डोक्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं तेव्हा आईनंच क्षणभर त्याला ओळखलं नाही. खाली वस्तीवर पाहुण्यांचा पहिला प्रश्न आपला ठरलेला: “गोड आहे का तिखट?” देवीला नैवेद्य पुरणाचा गेला होता, पण पाहुणे विचारत होते ते दुसऱ्या पातेल्याबद्दल.

तर हे जावळ डिसेंबरात का नको? त्याचं उत्तर आबांनी दिलं आणि बैठकीत पहिल्यांदा सगळे शांत झाले. “भावकी कुठंय? सगळी कारखान्यावर.” पाथर्डी, शेवगावकडची शेकडो कुटुंबं दिवाळी झाली की उचल घेतलेल्या मुकादमामागं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत संसार, शेळी, पोरं, चिपाडाची कोपी, पहाटेच्या थंडीत उसाचा फड. ठकीच्या चुलत चुलत्याचं बाळ तिच्याहून पंधरा दिवसांनी लहान आहे. ते डिसेंबरात फडाच्या कडेला, बांधावरच्या झोळीत वर्षाचं होईल. त्याच्या आईला त्या दिवशी मोळ्या किती बांधल्या ते मोजायचं असेल. सासूबाईंचं म्हणणं, पट्टा पडू द्या, म्हणजे उसाचा हंगाम संपू द्या, माणसं घरी येऊ द्या, मग दोघांचं जावळ एकाच दिवशी काढू. दोन मामा, दोन पाट, एक पंगत. यावर मुंबई-पुण्याचा कोणताही इव्हेंटवाला काय सुचवणार?

एवढं ठरल्यावर डिसेंबरातला कार्यक्रम आपोआप लहान झाला. लॉन्स गेलं. तारखेला, शुक्रवारी, घरच्या घरी औक्षण: पाटाभोवती रांगोळी, कणकेचा एक दिवा, सोन्याची अंगठी नि सुपारी ओवाळायची, दुधात गूळ-तीळ घालून सप्तचिरंजीवांचं आणि मार्कंडेयाचं नाव घ्यायचं. ते दूध मोठ्यांनीच प्यायचं. बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नको म्हणून बजावलंय, त्यामुळं केकही ठकीच्या नावानं आपणच खायचा. तिला तिचा मऊ भात आणि तूप. फुगे चारच आणि उंच टांगलेले, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा या वयाची मुलं थेट तोंडात घालतात आणि तो घशात अडकतो. 23 तारखेला सासूबाई तिला घेऊन नेवासे तालुक्यातल्या देवगडला दत्ताच्या दर्शनाला जाणार. महिन्याची होती म्हणून राहून गेलेलं बोरन्हाण जानेवारीत. जावळ उन्हाळ्यात. एका वाढदिवसाचे असे चार झाले आणि सगळ्यांचं समाधान झालं.

ताई एवढा वेळ ठकीला पायावर घेऊन थोपटत होती. शेवटी म्हणाली, “माझं कोणी विचारलं का? मला त्या दिवशी आठ तास सलग झोप द्या. दुसरं काही नको.” दाजी हसले, मग हसायचे थांबले. वर्षभर रात्री दोनदा-तीनदा उठणारी, डिंकाच्या लाडवापासून लसीच्या तापापर्यंत सगळं अंगावर काढणारी तीच आहे. ठकीला या वर्षातलं काही आठवणार नाही, तिला सगळं आठवणार. ते कलम मी स्वतः कालनिर्णयच्या मागच्या पानावर यादीत सगळ्यात वर लिहिलं: 3 तारखेच्या रात्री ठकी आजीजवळ.

तुमच्याही घरी असा पहिला वाढदिवस ठरत असेल तर एकच विनंती. पाहुण्यांना संध्याकाळी सातला बोलावून नऊला केक कापू नका. त्या वेळी वर्षाचं पोर झोपेला आलेलं असतं, अनोळखी चेहरे आणि टाळ्या बघून रडतं, आणि मग सगळे त्यालाच हट्टी म्हणतात. ते दुपारी किती वाजता झोपतं आणि किती वाजता उठतं हे आधी त्याच्या आईला विचारा, हॉलवाल्याला फोन त्यानंतर करा.