बांधावरचा रस्ता

सायकलवाल्यांच्या गप्पांत सपाट रस्त्याला कुणी मान देत नाही. पुण्यात तर नाहीच. तिथे ‘रविवारी कुठे गेला होता?’ या प्रश्नाला सिंहगड, बोपदेव, खंबाटकी अशीच उत्तरं अपेक्षित असतात. ‘सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन आले’ असं सांगितलं तर समोरचा ‘अरे वा’ म्हणतो आणि विषय बदलतो. मीही त्याच तालमीतली. नोकरीनिमित्त इटलीत, फेरारा शहरात राहायला आले तेव्हा पहिली चौकशी केली ती डोंगर किती लांब आहेत याची. बरेच लांब होते. शहराच्या तटबंदीपासून थेट एड्रिआटिक समुद्रापर्यंत जमीन इतकी सपाट, की सांडलेल्या पाण्याला कुठे वाहायचं ते कळू नये.

गावात मात्र सायकलला काही कमी नाही. भाजीची पिशवी हँडलला अडकवून ऐंशीच्या घरातल्या आज्या दगडी गल्ल्यांतून ताठ कण्याने सायकली हाकतात, मागून घंटी वाजवणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण ती सायकल म्हणजे चप्पल. पायात घालायची आणि निघायचं. मला हवा होता लांबचा रस्ता, आणि तो निघाला शहराच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर, पो नदीच्या बांधावर.

पो ही इटलीची सगळ्यांत लांब नदी, ६५२ किलोमीटर. फेरारा जिल्ह्यात तिच्या उजव्या तीरावर स्तेल्लातापासून गोरीनोपर्यंत, म्हणजे समुद्राच्या तोंडापर्यंत, मातीचा सलग बांध आहे आणि त्याच्या माथ्यावरून सायकलचा रस्ता जातो. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. काही तुकड्यांवर गावकऱ्यांच्या गाड्या येतात. बाकी ठिकाणी लोखंडी आडवी दांडी असते, तिच्या बाजूच्या फटीतून सायकल निघते, मोटार अडते. एका हाताला नदी आणि तिच्या पुराच्या पट्ट्यात ओळीने लावलेले पॉप्लर, दुसऱ्या हाताला खाली शेतं आणि घरं. घरांची कौलं आपल्या पायाच्या पातळीला. पहिल्यांदा मजा वाटते. मग लक्षात येतं की पूर आला की नदीचं पाणीही या कौलांच्या पातळीला येतं.

इथली शांतता कुणी सायकलवाल्यांसाठी राखलेली नाही. हा रस्ता नदीवर नजर ठेवायला आहे. पाणी चढलं की पहारेकऱ्यांना दिवसरात्र बांधावरून फिरता यावं म्हणून माथा मोकळा, उतारावरचं गवत कापलेलं आणि झाडं जवळपास नाहीतच. गवत वाढलं तर भेग दिसत नाही, पाझर दिसत नाही, कॉयपूनं पोखरलेलं बीळ दिसत नाही. हा मांजराएवढा पाणउंदीर दक्षिण अमेरिकेतून फरसाठी आणला, तो सुटला आणि आता बांधांचा वैरी झालाय. पुराच्या दिवसांत बांधाच्या कोरड्या बाजूला, शेतात, जमिनीतून उकळल्यासारखे झरे फुटतात. पाणी बांधाखालून वाट काढत असतं आणि वाळू बरोबर आणत असतं. पहारेकरी तो झरा बुजवत नाहीत. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचतात आणि कड्यात पाणी चढू देतात. चढलेल्या पाण्याचाच दाब खालून येणाऱ्या पाण्याला आवरतो, पाणी स्वच्छ येऊ लागतं, वाळू थांबते. वाळू जायची थांबली की बांध वाचला.

नेहमी वाचत नाही. पोंतेलागोस्कुरोच्या पुढे बांधावर उभं राहिलं की पलीकडच्या तीरावर ओक्क्योबेल्लो दिसतं. १४ नोव्हेंबर १९५१ ला तिथला बांध फुटला आणि पोलेझिने नावाच्या प्रदेशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. शंभराच्या आसपास माणसं गेली. त्यांतली ८४ एकाच ट्रकवर होती, सुटकेसाठीच निघालेल्या. पावणेदोन लाखांवर लोकांनी घरं सोडली, त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. मिलान-तोरिनोच्या कारखान्यांत गेले. ज्या रस्त्यावर मी गिअरच्या चिंता करत जाते त्याचं खरं काम असं पुन्हा होऊ न देणं हे आहे. पूर्वेला सरकलं की बांधाखालची जमीन समुद्रसपाटीच्याही खाली जाते, काही जागी तीन मीटरहून जास्त. पंपघरं पाणी उपसत राहतात म्हणून तिथे भात आणि मका पिकतो.

आता सायकलचं. घाटात रस्ताच तुमचा मास्तर असतो: चढ आला की गिअर उतरवा, दम धरा, उतार आला की पाय थांबवा. सपाटीवर सांगणारं कुणी नाही आणि थांबणंही नाही. मिनिटाला ८५-९० फेरे धरले तर तासाला पाच हजारांवर फेरे होतात, आणि त्यांतला एकही फुकट मिळत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या मांड्यांना हे पटायला वेळ लागला. शरीर तासन् तास एकाच घडीत अडकतं, सीटची तीच जागा, मनगटाचा तोच कोन. मग उठायचं ते ठरवून. दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहून दहा-बारा पेडल मारायची, पण उठण्याआधी गिअर एकाने जड करायचा. नाहीतर अंगाचं वजन पडताच पेडल पायाखालून पळतं आणि सायकल दचकते. हात दांडीच्या वरून बाजूला, बाजूवरून खाली. हे सगळं पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं बाई नुसती बसून चालली आहे.

गाड्यांचा आवाज नसल्यामुळे सायकलचा ऐकू येतो. शहरात महिनाभर न कळलेली तक्रार इथे दहा मिनिटांत कळते. कोरडी चेन चिमणीसारखी चिवचिवते. मागच्या चक्रांवर चेन नीट बसली नसेल तर दर फेऱ्याला बारीक खर्र येतं. डिरेलरच्या केबलपाशी असलेली प्लॅस्टिकची गुंडी चालता चालता पाव वळसा फिरवली की खर्र जातं. जास्त फिरवली तर दुसऱ्या बाजूने येतं. अशी कानाने सायकल लावण्याची सवय मला बांधावर लागली. मेकॅनिककडे स्टँडवर गप्प बसलेली सायकल खरं बोलतेच असं नाही.

आणि वारा. ताशी तीसच्या वेगाला ताकदीचा बहुतेक भाग हवा कापण्यातच खर्च होतो, आणि हवेचा हिशोब वाईट आहे: वेग दुप्पट करायचा तर त्यासाठी लागणारी ताकद आठपट. त्यात समोरून वारा आला की घाटच. फरक इतकाच, की घाटाला माथा असतो. उन्हाळ्यात सकाळी निघताना पान हलत नाही आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून मी बहुधा पूर्वेला जाते. लवकर निघायचं आणि त्याच वाऱ्याला पाठ देऊन परतायचं. वारा दिसावा म्हणून मक्यावर फिरणारे फवारे बघायचे, पाण्याचा पंखा कुठल्या बाजूला कलतोय ते. पॉप्लरची पानं पिंपळासारखी नुसत्या झुळकीनेही सळसळतात, त्यांच्यावर फार विसंबू नये. थंडीत ईशान्येचा बोरा सुटला तर बांधाचा माथा सोडून पायथ्याचा गावरस्ता धरायचा. उजव्या तीरावर तो बांधाच्या दक्षिणेला पडतो, अख्खा बांध आडोशाला येतो. वर माथ्यावर दात वाजत असताना खाली कोंबड्या उन्हात पाय पसरून बसलेल्या असतात. आडोसा नसेलच तर गिअर एक उतरवायचा, पायांची लय तीच ठेवायची आणि काट्यावरचा आकडा २७ वरून २१ वर आला तर येऊ द्यायचा. नव्या मुलांना हे सांगून उपयोग नसतो. ती आकड्याशी भांडतात आणि तिसऱ्या तासाला केळं खात बसलेली सापडतात.

या मैदानाने डोंगरवाल्यांना पुरून उरणारा एक गडी दिला, लेआर्को गुएर्रा. मांतोव्हाजवळच्या बान्योलो सान व्हितोचा. त्याला लोक ‘मानवी इंजिन’ म्हणत. १९३१ साली जिरो दितालिया या शर्यतीत पहिल्यांदा आघाडीवरच्याला गुलाबी जर्सी द्यायचं ठरलं, पहिला टप्पा होता मिलान ते मांतोव्हा, आणि गुएर्राने आपल्या घरच्या मैदानावर तो जिंकून इतिहासातली पहिली गुलाबी जर्सी घातली. त्याच वर्षी कोपनहेगनच्या जागतिक शर्यतीत घोळका नव्हताच. प्रत्येकाने सुमारे १७० किलोमीटर एकट्याने, घड्याळाविरुद्ध काटायचे होते. कुणाच्या मागे लपायची सोय नाही. तीही त्यानेच जिंकली. सायकलच्या कहाण्यांत मात्र आल्प्सचे वीरच जास्त सापडतात. सपाटीवर पराक्रमाचा फोटो येत नाही, हे कारण असावं.

पाण्याचं एक सांगून ठेवते, कारण बांधावर टपऱ्या नाहीत आणि दुपारी गावातलं हॉटेल बंद असतं. बाटली संपली की स्मशानभूमी शोधायची. इथल्या बहुतेक प्रत्येक खेड्याबाहेर भिंतीआड ती असते, चर्चच्या मनोऱ्याइतकीच लांबून ओळखू येते, आणि थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला आत नळ असतो. इटालियन सायकलवाले बिनदिक्कत तिथे बाटल्या भरतात. नळावर ‘पिण्याचे नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं बघतात. मी आधी दारात घुटमळत असे. एकदा फुलं बदलायला आलेल्या एका बाईंनीच हाताने खूण केली, ये ये, भर. नवऱ्याच्या फोटोवरची धूळ पुसत त्यांनी मला विचारलं, कुठवर जाणार? गोरीनो म्हटल्यावर म्हणाल्या, तिथे डास फार.

डास खरंच फार आहेत.

नदीच्या वरच्या अंगाला, रेज्जो एमिलियाकडे गेलं की बांधावर वेगळीच भेट होते. तिकडे चीजसाठी गाई पाळणारे मोठे गोठे आहेत आणि त्यांत पंजाबी माणसं कितीतरी वर्षांपासून कामाला आहेत. नोव्हेल्लाराला त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. गुआस्ताल्लाच्या जवळ असाच एक सरदारजी पहाटेचं दूध काढणं आटपून जुन्या सायकलवरून घरी निघाला होता. बराच वेळ माझ्या शेजारून, न बोलता, सहज त्याच वेगाने चालला होता, तेही रबरी गमबूट घालून. मग हिंदीत विचारलं, कुठली? पुण्याची म्हटल्यावर खुलला. काही काम नसताना ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, हे त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग माझ्या सायकलची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. त्याने मनात हिशोब केला आणि म्हणाला, “दीदी, इतने में तो गाँव में भैंस आ जाती. और वो दूध भी देती.”