बंगला, बाग आणि काठी

शिंदखेड्याच्या माणसाला एका दिवसात जाऊन-येऊन एखादा ऐतिहासिक बंगला नि भोवतीची बाग पाहायची हुक्की आली, तर भूगोल त्याला फारशी साथ देत नाही. दोंडाईचा जवळ, तिथे रावलांची गढी आहे. पण लोकांच्या खाजगी वास्तूत डोकावणं बरं नव्हे, असं आमच्या सौ.चं मत पडलं. (शेजारच्या स्वयंपाकघराला हा नियम लागू नाही.) थाळनेरचा किल्ला धाकट्या चिरंजीवांनी फेटाळला. शाळेने तीनदा नेलंय म्हणे.

राहता राहिला लळिंगचा लांडोर बंगला. धुळ्याच्या पुढे दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, फारुकी राजांच्या किल्ल्याशेजारच्या कुरणातला हा इंग्रजी अमदानीतला बंगला. बाग म्हणाल तर गवत, आणि माळी म्हणाल तर पाऊस. तो मनासारखा झाला की धबधबाही सुरू होतो. तेव्हा जायचं ते पावसाळ्यातच, इथवर एकमत झालं. आमच्या घरात एकमत होण्याची ही त्या वर्षातली पहिलीच वेळ.

मग याद्या सुरू झाल्या. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, चार छत्र्या, सतरंजी. वाटेत चिमठाण्याला थांबू, असं मी सुचवलं. 14 एप्रिल 1944 रोजी तिथे क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला होता.

"त्यांची लूट आटोपली असेल तेवढ्या वेळात तुमची मंडळी जीपमध्येसुद्धा बसायची नाहीत," सौ. म्हणाली, आणि चिमठाणं यादीतून गेलं.

भाकरी मात्र पाच माणसांच्या मोजल्या जात होत्या. घरात माणसं सहा.

सहावे आमचे आप्पा. वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून वडील. तरुणपणी मालेगावला जाता-येता एसटीच्या खिडकीतून त्यांनी तो डोंगर अनेकदा पाहिलेला. वर जायचं राहून गेलेलं. आप्पांना न्यायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं चढाबद्दल फार बोललं जात होतं.

तारखेवरून पुन्हा अडलं. 31 जुलैला तिथे फार गर्दी, असं कळलं होतं. धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 31 जुलै 1937 रोजी त्या बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे मोठी यात्रा भरते. आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी न चुकता जातात. म्हणून चौकशीला त्यांच्याकडे गेलो.

"गुरुजी, गर्दी फार असते का?"

"गर्दी बघायलाच तर जातो."

"बरोबर काय काय नेता?"

"भाकरी. आणि आई होती तोवर आई."

"एवढ्या चढावर? त्यांना झेपायचं?"

"नव्वदीची होती. चार जागी बसायची. आम्हीपण बसायचो. घाई कुणाला होती?"

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग सौ.ने पेन्सिल घेऊन पाचाचा सहा केला आणि सतरंजीपुढे 'घडीची खुर्ची' असं लिहिलं. ती उचलणार कोण, यावर दोन्ही चिरंजीवांचं नेहमीप्रमाणे जुंपलं.

आप्पांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ओट्यावरून आवाज आला,

"मनी काठी कोठे शे?"

काठी धाकट्या चिरंजीवांनी पतंग काढायला गच्चीवर नेली होती. तो पळतच आणायला गेला.