मुरगळलं की मोडलं?

मुलांनो, चुका फक्त तुमच्याच होतात असं नाही हं! आज माझीच एक चूक सांगते.

खो-खो खेळताना चौथीतली एक मुलगी खांबाजवळ घसरली आणि तळहातावर पडली. "बाई, मनगट दुखतंय," ती म्हणाली. बोटं तर हलत होती. म्हणजे नुसतं मुरगळलंय, असं मीच ठरवलं आणि चांगला बाम चोळला. ती ओठ दाबून गप्प बसली.

संध्याकाळी हात टम्म सुजला. एक्स-रे काढला, तर मनगटाजवळचं हाड मोडलेलं!

डॉक्टरांनी मला समजावलं, "बोटं हलली तरी हाड मोडलेलं असू शकतं. शिवाय मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. तिथली दुखापत अंगावर काढली, तर हाड वाकडं वाढू शकतं."

आता कुणी पडलं, की आम्ही चोळत नाही, ओढत नाही. दुखरा हात आहे तसाच ठेवतो. घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन, फार घट्ट न करता बांधतो आणि ओढणीची झोळी गळ्यात अडकवतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावतो आणि लगेच दवाखाना गाठतो.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही चोळत होतात ना, तेव्हा फार दुखत होतं. पण तुम्हाला कसं सांगणार?"

मला काही बोलताच येईना.

मुलांनो, दुखलं तर सांगा. समोर बाई असल्या, तरी सांगा!