अकरा गुंठ्यांत एक कर्णफूल

"दादा, केजीएफ सुरू केलंय का?"

बांधावर तीन पोरं उभी होती, तिघांच्या हातात मोबाइल. मी कानाला हेडफोन लावून, हातात मेटल डिटेक्टर धरून, आमच्याच शेतात रविवारी सकाळी मुंगीच्या चालीनं चाललो होतो. दुपारपर्यंत गावभर झालं की अमक्याचा पोरगा गुप्तधन शोधतोय. संध्याकाळी एका चुलत्यांनी फोन करून विचारलं, "मांत्रिक नाही ना आणलास?"

आमचं महाळुंगे म्हणजे बालेवाडीशेजारचं नाही. त्या गावाच्या नावानं कॅब बुक करून माझे दोन मित्र तिकडे पोचले होते. आमचं चाकणजवळचं, खेड तालुक्यातलं. रात्री कुठल्याही दिशेला बघा, कारखान्याचे दिवे दिसतात. मी अठ्ठावीस वर्षांचा, इंजिनिअरिंग केलेला, सध्या वर्क फ्रॉम होम. शेतातलं मला फारसं काही येत नाही. पण या गोष्टीत माझा हात होता, म्हणून शोधही मीच घ्यायला हवा होता.

जानेवारी २००९. त्याच वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन झालं, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. रस्त्याकडेच्या अकरा गुंठ्यांत आमचा कांदा होता आणि खुरपणी चालली होती. आई होती, तीन बायका होत्या आणि मावशी होती. मावशी करमाळ्याकडची. नवरा एका कंपनीत कंत्राटी, ती गावात मिळेल त्या शेतात रोजानं जायची. दुपारी घरी आल्यावर आईच्या लक्षात आलं की उजव्या कानातलं कर्णफूल नाही. लग्नात तिच्या आईनं घातलेलं, जोडी मिळून जेमतेम अर्धा तोळा. तेव्हा सोनं तोळ्याला पंधरा हजारांच्या आसपास होतं, आणि तेवढे पैसे आमच्याकडे एकरकमी कधी नसायचे.

सगळ्यांनी शेत पालथं घातलं. रात्री अण्णांनी मला विचारलं, "तू दिवसभर तिथंच होतास. काही दिसलं का?" मी अकरा वर्षांचा. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आपल्याला काहीतरी माहीत आहे असं सांगायचा मोह कुणालाही होतो. मी म्हणालो, "मावशीनं खालून काहीतरी उचललं आणि ओट्यात टाकलं."

तिला कुणी काही बोललं नाही. पोलीस नाही, भांडण नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिला निरोप गेला नाही. त्यानंतर कधीच गेला नाही.

गेल्या वर्षी ती अकरा गुंठे जागा आम्ही एका गोदामासाठी भाड्यानं द्यायचं ठरवलं. दिवाळीनंतर जेसीबी येणार, सपाटीकरण होणार, वर मुरूम आणि काँक्रीट. त्या आठवड्यात आईनं कपाटातून एक डबी काढली. आत डावं कर्णफूल. सोनं लाखाच्या वर गेलं तरी तिनं ते ना विकलं होतं, ना मोडून दुसरं केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता त्यावर काँक्रीट पडणार."

मेटल डिटेक्टर कॉलेजच्या एका मित्राकडून महिन्यासाठी आणला. तत्त्व बारावीच्या फिजिक्समधलंच. खालच्या गोल कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला तर त्यात भोवरा प्रवाह तयार होतात, ते आपलं स्वतःचं छोटं क्षेत्र बनवतात आणि दुसरी कॉइल ते पकडते. हा प्रतिसाद किती मागे पडतो यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं आणि स्क्रीनवर एक आकडा दाखवतं. मोठी, खोलवरची चांदी-तांब्याची वस्तू शोधायला कमी फ्रिक्वेन्सी बरी. बारीक सोन्याला जास्त लागते, म्हणून खास सोन्याची मशीन ४० किलोहर्ट्झच्याही वर चालतात. माझं १५च्या आसपासचं, म्हणजे मधलं.

माझ्याकडे एक गोष्ट होती जी सोनं शोधणाऱ्या फार थोड्या लोकांकडे असते: हरवलेल्या वस्तूची जुळी बहीण. डावं कर्णफूल लाकडी पाटावर ठेवून मी वरून कॉइल फिरवली. ४७, ४८, पुन्हा ४७. वहीत लिहून ठेवलं. मग कुतूहल म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा ठेवला. ४८.

हीच या कामातली खरी अडचण. छोटं सोनं आणि ॲल्युमिनियमचा कचरा मशीनला सारखाच दिसतो. कचऱ्याचे आकडे गाळायची सोय असते, पण ती लावली की कचऱ्याबरोबर सोनंही गप्प होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रिसिजन वाढवलात की रिकॉल मरतो. सोनं हवं असेल तर प्रत्येक स्ट्रिप खणून काढायची. दुसरा उपाय नाही.

दुसरी अडचण जमिनीची. आपला दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे मशीन रिकाम्या मातीवरही कुरकुरतं. आधी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो: स्वच्छ जागा बघून कॉइल जमिनीवर खाली-वर हलवायची, मातीचा आवाज मशीनला ओळखू द्यायचा आणि तो वजा करायचा.

व्हिडिओंमध्ये ऑस्ट्रेलियातले लोक लाल मातीतून सोन्याचे गोळे काढतात. १९८० साली तिथे व्हिक्टोरिया राज्यात मेटल डिटेक्टरनं २७ किलोचा एकच गोळा सापडला होता. आमच्या बेसॉल्टमध्ये तसलं काही नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या पार नागपूर-भंडाऱ्याकडच्या फार जुन्या खडकांत. इथे सोनं मिळालंच तर ते माणसानं आणलेलं असणार, पुरलेलं किंवा पडलेलं.

पुरलेल्याचं उदाहरण अगदी जवळचं आहे. नदीपलीकडे चिखलीत बांधकामाच्या जागेवर मजुरांना सोन्याची नाणी सापडली होती. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती ताब्यात घेतली: २१६ नाणी, २,३५७ ग्रॅम, अठराव्या शतकातली. बांधावरची पोरं तेच मनात धरून आली होती. त्यांना मी १८७८चा कायदा सांगितला. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांचा आकडा ऐकून पोरं हसली आणि गेली. माझ्या केसमध्ये कलेक्टरचा संबंध नव्हता. मालकीण घरात भाकरी करत होती.

माझ्याकडे चार शनिवार-रविवार होते. पद्धत साधी असते, शिस्त अवघड. खुंट्या आणि सुतळीनं मीटरभर रुंदीचे पट्टे आखायचे. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, समांतर. झोका संपताना हात आपोआप वर उचलतो, तो उचलू द्यायचा नाही. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढवायचा. पट्टे संपले की तेच शेत आडवं घ्यायचं, कारण उभी रुतलेली वस्तू एका दिशेनं हुकते आणि दुसऱ्या दिशेनं बोलते. आवाज आला की खुरपं. काढलेली माती पुन्हा कॉइलखालून न्यायची, मुठीमुठीनं निम्मी करत, म्हणजे चक्क बायनरी सर्च.

पहिल्या दोन दिवसांत निघालेला ऐवज: खिळे, तारा, बैलाच्या नालाचा तुकडा, बाटल्यांची बुचं, कुठल्यातरी वर्कशॉपमधून आलेला लोखंडी बुरा, एक रुपयाची दोन नाणी आणि गोळ्यांच्या स्ट्रिपचे एकोणीस तुकडे. प्रत्येक ४८ला छातीत धडधडायचं.

दुसऱ्या आठवड्यात मी एक्सेल शीट केली. १९६८ साली स्कॉर्पियन नावाची अमेरिकन पाणबुडी अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली. ती शोधताना समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकाला शक्यतेची टक्केवारी दिली होती. एखादा चौकोन रिकामा निघाला की त्याची टक्केवारी कमी करायची, बाकीच्यांची त्या प्रमाणात वाढवायची. मी शेताचे चौकोन पाडले. आईला आठवत होतं की त्या दिवशी ती जांभळाच्या बाजूच्या वाफ्यांत होती, तिकडे जास्त टक्के दिले. आणि शीट पुरी व्हावी म्हणून शेवटी एक ओळ टाकली: "शेतात नाही." तिला वीस टक्के दिले.

तिसऱ्या रविवारी रात्री शीट भरली. जांभळाकडचे सगळे वाफे संपले होते. शेतातल्या शक्यतेपैकी साठ टक्के भाग तपासून झाला होता. मशीनला ते सापडायची शक्यता मी निम्मी धरली होती. फॉर्म्युला चालला. शेवटच्या ओळीत वीसचे सव्वीस झाले.

मी त्या सव्वीसकडे बघत बसलो. गणित बरोबर होतं. शेत जितकं रिकामं निघेल तितकी ती ओळ वाढणार. आणि "शेतात नाही" म्हणजे काय, हे शीट लिहिताना मला माहीत होतं. मला वाटत होतं की मी मावशीला सोडवायला शोधतोय. प्रत्यक्षात प्रत्येक रिकाम्या पट्ट्याबरोबर मी तिच्यावरचा आळ पक्का करत होतो, तोही दशांश चिन्हापर्यंत.

मग मी डावं कर्णफूल घेऊन परसात गेलो आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. ते फूल दोऱ्याला बांधून मातीत पुरलं आणि मशीन फिरवलं. तीन इंचांवर स्पष्ट आवाज. चारवर अधूनमधून. सहावर काहीच नाही. आमचा नांगर नऊ इंच खाली जातो, आणि तो सोळा वर्षं फिरला होता. "निम्मी" ही शक्यता मी हवेतून काढली होती. आणि ते वीस टक्के? ते कुठून आले होते? एका अकरा वर्षांच्या पोराच्या एका वाक्यातून.

शेवटच्या शनिवारी मी पट्टे सोडून गुडघ्यावर बसून एक आवाज खणत होतो. पुन्हा स्ट्रिपच निघाली. खुरप्याशेजारी चाकवत उगवला होता. आई चहा घेऊन आली होती. तिनं सहज वाकून तो खुडला आणि ओट्यात टाकला. "संध्याकाळी पातळ भाजी करते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. खुरपणीला आलेली प्रत्येक बाई हेच करते. त्या दिवशीही सगळ्यांनी केलं असणार, आईनंही. मला विचारलं एकाच बाईबद्दल नव्हतं, पण मी नाव एकीचंच घेतलं. कारण बाकीच्या गावातल्या होत्या.

आईला मी तेव्हाच सांगितलं. ती काही बोलली नाही. कप घेऊन घरी गेली.

सोमवारी जेसीबी आला. दोन तासांत वाफे, बांध, माझ्या खुंट्या, सगळं एक झालं.

मावशी निघोज्याला राहते, हे शोधायला मशीन लागलं नाही. दोन फोन पुरले. कंपन्यांतल्या पोरांना ती डबे देते, हाताखाली दोन बायका आहेत. मी दारात उभा राहून कुणाचा कोण ते सांगितलं. तिनं पीठ लागलेले हात पदराला पुसले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"घावलं का मग फूल?"

म्हणजे तिला माहीत होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही यावर आमचं घर इतकी वर्षं समाधानी होतं, आणि तिला सगळं माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मावशी, ते मी बोललो होतो."

"ठावं हाय." ती पुन्हा पोळपाटाकडे वळली. "त्या साली कांदा काढायला मला तुमच्याच नाही, कुणाच्याच शेतात बोलावणं आलं नाही. दोन महिनं बसून काढलं. मग हितं आलो."

मला फक्त आमचं शेत माहीत होतं. गावाचं माहीत नव्हतं. मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, "आई बरी हाय का?"

"बरी आहे."

"तिचा जीव लई होता त्या फुलात," ती म्हणाली. "मीबी शोधलं होतं तिच्यासंगं, अंधार पडस्तोवर."

घरी येऊन शीट उघडली आणि शेवटची ओळ डिलीट केली. बाकीच्यांची बेरीज आता शंभर होत नव्हती. तशीच सेव्ह केली.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं, अंधार पडेपर्यंतचंही. ती ताटावरून उठली, भांडी घासली, डबीतलं फूल बघून परत ठेवलं. सकाळी मी लॅपटॉप उघडत होतो तेव्हा ती चांगली साडी नेसून दारात उभी होती.

"निघोज्याला गाडीवर सोडतोस का?" ती म्हणाली. "आत तू येऊ नकोस."