ठिणगीची वाट

पावसाळ्यातली दिवेलागणीची वेळ, हवेत उल्हास नदीचा गढूळ ओलावा, आणि त्या ओलाव्यात कुठेतरी 'चट्' असा एक बारीक आवाज. एवढाच. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर बुडून जाईल इतका बारीक. पण आमच्या दारापुढे त्या आवाजासाठी सगळे श्वास रोखून उभे असायचे. "आला," अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्या खांद्यांवर बसलेली दिवसभराची पाळी हळूहळू खाली उतरायची.

सहा व्होल्टची जुनी मोटरसायकल होती आमची. उन्हाळ्यात गुणी, थंडीत थोडी आळशी, आणि आभाळ भरून आलं की रुसलेली. किकवर किक बसत राहायची, इंजिनाच्या पोटात नुसती धाप लागायची, पेट्रोलचा कच्चा वास अंगणभर पसरायचा आणि मग अण्णा थांबायचे. माझ्या आठवणीत त्यांचं ते थांबणं किकच्या आवाजापेक्षा ठळक आहे. ते गाडीला कधी लाथ मारत नसत, शिवी देत नसत. बाही सरकवून, खाली उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहायचे, आजारी माणसाच्या उशाशी बसून बघावं तसे.

मोहन्यात वाढलेल्या माणसाला हवेच्या वासाचं वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्या एनआरसीच्या कारखान्यात रेयॉनचा धागा निघायचा. लाकडाच्या लगद्याला कार्बन डायसल्फाइड लागायचं, मग तो धागा आम्लाच्या पाण्यात सुटायचा, आणि त्या साऱ्या उलाढालीतला गंधक वाऱ्यावर बसून घरोघर यायचा. पाहुणे आंबिवली स्टेशनात उतरले की नाकाला पदर लावत. आम्हाला तो वास घरचा होता. अण्णांच्या सदऱ्याला तो असायचाच; त्यात प्लगवरचा कार्बन, पॉलिश पेपरची भुकटी आणि पेट्रोल मिसळलं की माझ्या लेखी संध्याकाळ पुरी व्हायची. आजही एखाद्या पंपावर, पाऊस नुकता थांबलेला असताना, त्या वासाचा अर्धा तुकडा हाती लागतो. उरलेला अर्धा कुठून आणू?

त्यांचा शोध नेहमी हॉर्नपासून सुरू व्हायचा. हॉर्न खणखणीत वाजला तर बॅटरीत जीव आहे. घोगरा आला तर तिच्याकडे आधी बघायचं. बॅटरीच्या तीन खणांतलं पाणी ते उजेडासमोर धरून पाहत. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली असेल तर आई न सांगता गरम पाण्याचं पातेलं घेऊन यायची, आणि ती पांढरी भुकटी विरघळून शिसं उघडं पडताना मला फार समाधान वाटायचं. मग व्हॅसलीनचं बोट. मग फ्यूज. मग होल्डरमधला छोटा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी, त्यांचा टेस्ट लॅम्प; एक टोक बॉडीला, दुसरं पुढे पुढे सरकवत न्यायचं. इथे पेटतो, इथेही पेटतो, इथे... मंद. करंट कुठपर्यंत पोचला आणि कुठे थबकला, हे त्या इवल्याशा उजेडाने विचारत विचारत जायचं. घाई नाही. एक सांधाही ओलांडून पुढे जायचं नाही. "आपल्याला वाटतं तिथे नसतो फॉल्ट," ते म्हणत, "तो असतो तिथेच असतो."

मग पॉइंट. गोल झाकणाखाली दोन छोटे पृष्ठभाग मिटत, उघडत. त्यांच्यातली फट जेमतेम 0.4 मिलिमीटरची, फिलरची पात सरकवून बघायची. कॉइलच्या पोटात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो. पॉइंट मिटले की जाड तारेतून करंट वाहू लागतो, तिच्याभोवती चुंबकाचं एक अदृश्य क्षेत्र जमतं. पॉइंट उघडतात, ते क्षेत्र एकदम कोसळतं, आणि सहा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगच्या टोकाशी उडी घेतात. फॅरडेने 1831 मध्ये प्रयोगशाळेत पाहिलेली गोष्ट आमच्या अंगणात, ओल्या फरशीवर, रोज घडत होती. ठिणगी पडते ती करंट जोडला जातो तेव्हा पडत नाही, तुटतो तेव्हा पडते, हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा मी किती तरी वेळ गप्प होते. लहान वयात काही गोष्टी कळतात आणि काही नुसत्या आत ठेवल्या जातात.

माझं काम छत्रीचं. पाऊस नसला तरी. प्लग काढून, टोपीत बसवून, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या हेडला टेकवून ठेवायचा आणि किक हळू फिरवायची. पण लख्ख उजेडात ती ठिणगी डोळ्यांना सापडत नाही. "बाय, छत्री जरा आडवी धर," अण्णा म्हणायचे, आणि मी त्या काळ्या कापडाची एक लहानशी रात्र प्लगवर धरायची. तिच्यात आम्ही दोघं डोकं घालून बसलेले. पिवळट ठिणगी आली तर अण्णांची मान नकारात हलायची. ती अशक्त, इंजिनातल्या दाबाखाली टिकायची नाही. निळी आली तर चट्. निळी, कडक, टोकदार. तिच्यामागून येणारा तो वीज पडून गेल्यासारखा किंचित तिखट वास.

एकदा मात्र सगळं तपासून झालं तरी गाडी उठेना. प्लग नवा, पॉइंट साफ, कंडेन्सर बदललेला, बॅटरी भरलेली. त्यात लोडशेडिंगचा अंधार पडला. मोहन्यातली सगळी घरं मिटली, आणि अण्णांनी शेवटची म्हणून एक किक फिरवली. आम्हाला दोघांना एकदमच दिसलं: कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीच्या कडेने, जुन्या चिरेतून, एक निळसर कोवळी रेघ थरथरत पाण्याच्या थेंबाकडे जात होती. करंट होता. भरपूर होता. पोचण्याआधीच ओलीच्या सोप्या वाटेने तो गळून जात होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. दिवे असते तर ती रेघ आम्हाला कधीच दिसली नसती.

26 जुलै 2005 नंतरचे दिवस आठवतात. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस एका दिवसात झाला, हे आम्ही नंतर वर्तमानपत्रात वाचलं; आमच्याकडे उल्हास पात्र सोडून आली होती, एवढं पुरे होतं. पाणी उतरलं तशा गल्लोगल्ली चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या. अण्णा दारोदार सांगत फिरत होते: आधी किक मारू नका, प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दबत नाही, आतला दांडा वाकतो. प्लग काढून किक फिरवली की भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची, पोरं ओरडायची, बायका हसायच्या. इतकं सगळं वाहून गेलेलं असताना बायका हसत होत्या, हे मला अजून कळत नाही आणि अजून आवडतं. कॉइली कापडात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवल्या होत्या. संध्याकाळी कुठल्याशा दारातून एखादं इंजिन खोकत सुरू व्हायचं आणि सगळी गल्ली तिकडे वळायची.

2009 मध्ये कारखाना बंद झाला. पाळीचा भोंगा नाही, तर पहाटे किकही नाही. गाडी भिंतीला टेकून राहिली. बॅटरीचं असं असतं की ती वापराने थकते त्याहून लवकर न वापरल्याने बसते. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, घट्ट होतं, मग चार्जिंगही तिला लागत नाही. अण्णा रोज सकाळी गाडीच्या प्लगची टोपी पुसायचे. चालवायचे नाहीत. मी काही विचारलं नाही.

आताच्या गाड्या निराळ्या. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. 2020 मध्ये बीएस-सहा आलं आणि बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला, पेट्रोलही संगणकाच्या हिशोबाने फवारलं जाऊ लागलं. माझी स्कूटर गेल्या पावसात शहाडच्या पुलाजवळ बंद पडली तेव्हा मेकॅनिकच्या पोराने एक यंत्र जोडलं, पडद्यावर आकडा उमटला, त्याने एक भाग बदलला. हुशार पोरगा, मनापासून काम करणारा. त्याचे मी आभार मानले, पैसे दिले. पण छत्री धर म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि हात उगाच रिकामे वाटत राहिले.

अण्णांनी गाडी शेवटी टिटवाळ्याकडच्या एका तरुणाला दिली. त्याला जुन्या गाड्यांचं वेड होतं. त्याने नवी बॅटरी स्वतःच बरोबर आणली होती. आईने चहा केला, आणि अण्णा त्याला गाडी समजावून सांगायला बसले. हिरवी वायर मिळाली नव्हती म्हणून इथे लाल टाकलीय. ब्रेकच्या दिव्याची अर्थ सीटखाली घेतलीय. हा सांधा मी कापसाने नाही, रबरी नळीने झाकलाय, तो सोडू नकोस. बोलता बोलता ते त्याच्या हातात हात घेऊन प्रत्येक वायरीवरून त्याचं बोट फिरवत होते. चहावर साय धरली. पोराने किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात उठली, तो वडवलीच्या रस्त्याला लागला, आणि अण्णा अनवाणीच फाटकापर्यंत जाऊन मोठ्याने ओरडले, "पावसात प्लगच्या टोपीला ग्रीस लाव रे! आत, आतल्या बाजूने!"