जात्याची घरघर आणि कॉम्प्रेसर

१/१५
भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात 'कॉम्प्रेसर' म्हटले की कोणालाही हवेचा कॉम्प्रेसर आठवतो. दापोडीला ॲटलास कॉप्को, हडपसरला १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक. शेडच्या मागे धडधडणारी टाकी हा येथील रोजचा आवाज. या थ्रेडमधला कॉम्प्रेसर मात्र हवा दाबत नाही, आवाज दाबतो. एका नवशिक्याने तो घरी बांधला आणि त्यामुळे घरातल्या एका कॅसेटचा अर्थ बदलला.

२/१५
हा तरुण आयटीआय झालेला फिटर. भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये नोकरी. त्याच्या आजीचे माहेर खेड तालुक्यातले, भामा नदीच्या काठचे, सासर चाकणजवळ. आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. १९९०च्या दशकात आत्याने टू-इन-वन जवळ ठेवून त्या एकदा कॅसेटवर घेतल्या. आजी आता नाही. तिचा आवाज म्हणून घरात उरली आहे ती ही एकच कॅसेट.

३/१५
अशा ओव्यांचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात राहून, मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतील स्त्रियांपासून आरंभ करून, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ज्या स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर आली नाहीत, त्यांचे माहेर, सासर, श्रम आणि श्रद्धा त्या ओव्यांत नोंदलेल्या आहेत. पुढे गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि दळण्याबरोबर गाणेही थांबले.

४/१५
या कॅसेटमध्ये दोन अडचणी होत्या. पहिली: ओवीचा आरंभ मोठा आणि शेवट इतका क्षीण की शेवटचा शब्द जात्याच्या घरघरीत बुडून जाई. दुसरी अधिक चमत्कारिक: दोन ओव्यांच्या मधे आजी थांबली की जात्याचा आवाज हळूहळू वाढत जाई. घरातल्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता. 'गाताना आजीचा हात मंदावे, गाणे थांबले की ती जोराने दळे.' पुढे पुढे ही घरातली आठवणच झाली.

५/१५
तरुणाला पहिली अडचण सोडवायची होती. त्यासाठी कॉम्प्रेसर हवा, इतके त्याला वाचून ठाऊक झाले होते. त्याचे तत्त्व सोपे आहे. आवाजासाठी एक उंबरठा ठरवायचा. त्यावर गेलेला आवाज ठरावीक प्रमाणात खाली ओढायचा. प्रमाण ३:१ असेल, तर उंबरठ्याच्या ९ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर राहतो. मग सगळेच थोडे वर उचलायचे. मोठे आणि लहान यांतले अंतर कमी होते.

६/१५
हे काम यंत्राच्या आधी माणसे करत. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायचे ते कर्ण्यात. त्या पद्धतीत गायक वरच्या सुरावर गेला की कर्ण्यापासून मागे सरे, हळू गाताना पुढे येई. मागेपुढे होणारे ते शरीर हाच त्या काळचा कॉम्प्रेसर.

७/१५
रेडिओ आला आणि प्रश्न गंभीर झाला. मीडियम वेव्हवर आवाज मर्यादेपलीकडे गेला की प्रक्षेपण फाटते आणि शेजारच्या केंद्रातही खरखर पोहोचते. म्हणून तंत्रज्ञ बटणावर हात ठेवून बसत. १९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने ही मर्यादा आपोआप सांभाळणारा ११०-ए हा ॲम्प्लिफायर आणला. पुण्यात आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले, तोवर अशी यंत्रे जगभरच्या प्रक्षेपणात रुळली होती.

८/१५
१९५९च्या सुमाराचा फेअरचाइल्ड ६७० हा वीस व्हॉल्व्हचा, सुमारे ३० किलो वजनाचा अवजड कॉम्प्रेसर. नवशिक्यांना जवळचा वाटतो तो मात्र जिम लॉरेन्सचा एलए-२ए, १९६०च्या दशकाच्या आरंभीचा. यात आवाजाचेच प्रकाशात रूपांतर होते. आवाज मोठा झाला की आतला दिवा उजळतो, प्रकाश पडलेल्या घटकाचा रोध घटतो आणि त्या वाटेने ध्वनीचा काही भाग जमिनीकडे निघून जातो. दिवा विझला की आवाज पूर्ववत.

९/१५
तरुणाने हीच कल्पना उचलली. सुट्टीच्या दिवशी तापकीर गल्लीतून त्याने सामान आणले: १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ रेग्युलेटर, दोन टीएल०७२ आयसी, डायोड, कपॅसिटर, एक एलईडी आणि एक एलडीआर. एलडीआरचा रोध अंधारात लाखो ओहम असतो, उजेडात तो काहीशे ओहमपर्यंत उतरतो. पेटीसाठी शॉपमधला उरलेला पत्रा, मालकाला विचारून, तेथल्याच मशिनवर वाकवून घेतला.

१०/१५
भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. असे पाच गुरुवार गेले. पहिल्या दिवशी पेटीतून गाण्याऐवजी नुसता गुणगुणाट आला. अर्थिंगच्या तारा त्याने जागा मिळेल तिथे जोडल्या होत्या; त्या सगळ्या एकाच बिंदूवर आणल्यावर गुणगुण थांबली. मग दुसरेच कोडे निर्माण झाले. दिवसा आवाज दबका, रात्री दिवे मालवले की मोकळा. खोलीतली ट्यूबलाइट उघड्या एलडीआरवर पडत होती आणि यंत्र त्या उजेडालाच मोठा आवाज समजत होते. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या नळीत बंद केल्यावर ते शहाण्यासारखे वागू लागले.

११/१५
कॅसेट लावण्याआधी त्याने माइकवर स्वतःचे बोलणे तपासले. शेजारी टेबलफॅन चालू होता. हेडफोनमध्ये त्याला ऐकू आले ते असे: तो बोलत असता पंखा मागे जाई; तो गप्प झाला की पंख्याचा आवाज फुगत वर येई, जणू कोणी रेग्युलेटर फिरवत आहे. पंखा तर एकाच वेगाने फिरत होता. बोलणे थांबले, दाब सुटला आणि त्या पोकळीत पंखा वर आला, एवढेच घडत होते. हा चढत जाणारा आवाज त्याने पूर्वी कुठे ऐकला आहे, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही.

१२/१५
फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट घरोघर पोहोचली, कारण ती कोणालाही वापरता येत होती. बटण दाबा आणि बोला. हा सोपेपणा साधण्यासाठी बहुतेक घरगुती रेकॉर्डरमध्ये ध्वनिपातळी आपोआप सांभाळणारे एक सर्किट असे. म्हणजे कॉम्प्रेसरच, पण सावकाश सुटणारा. ओवीचा मोठा आरंभ ऐकून तो आवाज दाबी आणि शेवटचा शब्द येईपर्यंत दाब सोडत नसे. आजी थांबली की काही क्षणांनी तो सैल होई आणि जाते वर येई.

१३/१५
आत्याचा टू-इन-वन माळ्यावर पडला होता. त्याने तो खाली काढला, त्याच पंख्याशेजारी ठेवून त्यावर स्वतःचे बोलणे घेतले आणि परत ऐकले. पंखा तसाच चढत गेला, केवळ अधिक संथपणे. दोन्ही अडचणींचे मूळ एकच निघाले. गाणे थांबल्यावर आजी जोराने दळत होती, या आठवणीला त्या कॅसेटचा आधार उरला नाही. ते ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तिथंच बसले होते की रे. आणि तरी मला तसंच आठवतं."

१४/१५
आता कॅसेट त्याच्या पेटीतून गेली. ही पेटी लवकर सुटणारी असल्याने ओव्यांचे शेवट वर आले. त्यांच्याबरोबर घरघर आणि टेपची सूंसूं हीही आली. एक शब्द पहिल्यांदाच कानांवर पडला. आत्याला तो 'भामा' ऐकू आला, माहेरची नदी. वडिलांना 'मामा', म्हणजे आजीचा भाऊ. दहा वेळा ऐकूनही दोघे आपापल्या शब्दावर ठाम राहिले. टेपवर त्या अक्षराचा जेवढा अंश उतरला होता, तेवढाच पेटी वर आणू शकत होती. नवे काही घालणे तिच्या हाती नव्हते.

१५/१५
तरुणाने कॅसेटची एक प्रत काहीही न दाबता जशीच्या तशी संगणकात उतरवून ठेवली. पेटीतून आलेली दुसरी प्रत वेगळी ठेवून तिच्यावर बटणे कुठे होती ते लिहिले. ओव्यांच्या वहीत त्या जागी त्याने दोन्ही शब्द लिहिले, मधे तिरकी रेघ देऊन: भामा/मामा. पोथ्यांचे संपादक याला पाठभेद म्हणतात. त्याला हा शब्द ठाऊक नव्हता. वहीच्या समासात त्याने एवढेच लिहिले आहे: 'आत्याला असे ऐकू येते, पप्पांना तसे. जाते मात्र एकाच वेगाने फिरत असावे.'