वेंगुर्ला रोडवर कान देऊन

बेळगावच्या पंचक्रोशीत कथा लिहायला बसणाऱ्याला थोरामोठ्यांचा धाक फार. जी. ए. कुलकर्णी जन्मले एकसंब्याला, वाढले बेळगावात. रणजित देसाई कोवाडचे. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला पोरगा लंपन हिंडतो तो मुलूख आमचाच. आणि निपाणीत, 2024 साली जाईपर्यंत, महादेव मोरे. ही मंडळी वाचली की काही दिवस पेन हातात धरवत नाही. मग हळूच वाटायला लागतं, ह्यांनी हे केलं तरी कसं?

जी.एं.च्या वाटेला मी जात नाही. ‘काजळमाया’सारखं लिहायला जावं तर हाती नुसता अंधार लागतो, आणि तोही उसना. मोऱ्यांकडून मात्र शिकता येतं. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, गॅरेजातली पोरं, टॅक्सीवाले ही त्यांची माणसं. ते स्वतः पिठाची गिरणी चालवायचे. लेखकाने गिरणी चालवली याचं कौतुक पुष्कळ झालं. पण गिरणीने लेखकाला काय दिलं, हे मला जास्त खुणावतं. चालू गिरणीत कुजबुज करता येत नाही. पट्टा फडफडत असतो, डबे रांगेत असतात, केसांवर पीठ बसत असतं. बोलायचं तर ओरडून, आणि ओरडून बोलणारं माणूस शब्द वाया घालवत नाही. सुनेची कागाळी, उधारी, कुणाचं तरी पळून जाणं, सगळं दोन-चार शब्दांत. मोऱ्यांच्या संवादांचा नेमकेपणा तिथून आला असावा, असा आपला माझा अंदाज.

संतांची तऱ्हा उलटी. कऱ्हाडला भूशास्त्र शिकवणारा हा माणूस साठच्या दशकात थोड्या कथा लिहून गप्प झाला आणि लंपनच्या कथांचं ‘वनवास’ आलं 1994 मध्ये. (खडकांच्या थरांची उपमा इथे अगदी तयार उभी आहे. ती देत नाही.) एवढ्या वर्षांत लंपन मोठा झाला नाही, ही खरी कमाल. मोठ्यांचं काहीतरी बिनसलंय हे त्याला दिसतं, कळत नाही. कळतं ते वाचणाऱ्याला. लिहिणाऱ्याचं शहाणपण त्या पोराच्या तोंडात कुठे शिरत नाही. म्हणून ‘रोज लिहा, हात आपोआप बसेल’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. रोज लिहून हात बसतो हे खरं, पण नको तिथेही बसतो.

माझी परीक्षा कडोलीच्या संमेलनासारख्या ठिकाणी होते. आमच्याकडे गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर. मांडवात प्राध्यापक असतात तसे शेतावरून आलेलेही असतात. कथाकथन रेंगाळलं की मागच्या रांगेतली माणसं पाय मोकळे करायला उठतात. कोणत्या वाक्याला उठली, तेवढं ध्यानात ठेवायचं. संपादकाच्या पत्रापेक्षा हा निकाल रोखठोक.

आणि मग आमचं हिंडलगा. नाव घेतलं की बाहेरच्यांना आधी मध्यवर्ती कारागृहच आठवतं. मुलाखतीला आलेले नातेवाईक वेंगुर्ला रोडवर बसची वाट पाहत थांबतात. एकदा थांब्यावर एक आजी शेजारणीला सांगत होत्या, “पोरगा बेळगावात कामाला हाय, खरं सुट्टी गावंना झालीया बघा.” मांडीवरच्या पिशवीतून घडी केलेला शर्ट डोकावत होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. शेजारणीने पगार विचारला. आजींनी आकडा सांगितला, जराही न अडखळता.

त्यावर मी कथा लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात पोरगा होता, गुन्हा होता, कोर्ट होतं, वकिलाला विकलेली म्हैस होती. हळूहळू सगळं गेलं. म्हैस जाताना जिवावर आलं, चांगली उतरली होती. आता थांबा राहिलाय, शर्ट राहिलाय आणि तो पगाराचा आकडा. पोरगा कुठे आहे हे सांगणारं एक वाक्य मध्ये होतं, तेही परवा काढलं. एक मित्र म्हणतो, पुण्याच्या वाचकाला कळायचं नाही. कथेत थांब्याचं नाव हिंडलगा असं स्पष्ट लिहिलंय; पुण्याच्या वाचकाने तेवढी चौकशी करावी.